सुभेदारांची सुई

इसाकभाई कंपाउंडर पहिल्यांदा माझ्या दारात आले ते माझा चमचा मोजायला.

पिंपरीच्या क्वार्टर्समध्ये राहायला येऊन आम्हाला आठच दिवस झाले होते. भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागायचा. धाकटीला खोकला झाला म्हणून मी कंपनीच्या दवाखान्यातून लाल औषध आणलं होतं, दिवसातून तीनदा एक चमचा. संध्याकाळी पाहते तर खाकी कोट घातलेला, उंच आणि मानेत वाकलेला एक माणूस दारात उभा. हातात काचेचं मापाचं भांडं. "वहिनी, कुठल्या चमच्यानं देता ते दाखवा." मी दाखवला. त्यांनी त्यात पाणी भरलं, भांड्यात ओतलं, चष्मा कपाळावर चढवून रेघ बघितली आणि म्हणाले, "हा दोन चमचे आहे. पोरगी दिवसभर झोपलेली असेल." पोरगी खरंच झोपली होती, आणि औषध लागू पडलं म्हणून मी आपली खूश होते.

मी स्वभावानं फटकळ. कुणी परक्यानं माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझाच चमचा नापास करावा हे मला सोसण्यासारखं नव्हतं, आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कानस घेऊन आले, आमच्या एका चमच्यात पुन्हा पाणी मोजलं आणि आतल्या बाजूला बारीक रेघ ओढून दिली. "इथवर. वर न्हाई, खाली न्हाई." पुढं कळलं की आमच्या ओळीतल्या एकूण एक घरात तशी रेघ ओढलेला एक चमचा होता. "अंदाजानं मीठ घालावं, औषध घालू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायका ते त्यांच्या पाठीमागं त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या. मीही म्हणायची.

इसाकभाई मूळ चाकणचे. थोरला भाऊ तिथं कांद्याच्या व्यापारात होता. हे मात्र लहानपणीच एका डॉक्टरच्या हाताखाली गेले, बाटल्या धुता धुता औषधं बांधायला शिकले आणि पिंपरीला कंपनी उभी राहिली तेव्हा तिच्या दवाखान्यात लागले. बोलणं दवाखान्याचं, स्वच्छ. पण मनाला काही लागलं की चाकण बाहेर यायचं, 'आमी' आणि 'न्हाई' सुरू व्हायचं. मूलबाळ नव्हतं. बायको जुलेखाभाभी आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तिला साखरेचा आजार होता, सकाळ-संध्याकाळ सुई लागायची आणि ती हेच टोचायचे. एका शुक्रवारी तिचं हृदय बंद पडलं, एवढंच शेजारी सांगायचे.

भाभीच्या मागं घरात राहिलं ते तिचं मांजर. पिवळसर, गलेलठ्ठ बोका. त्याच्या ओठावर दोन्ही बाजूंना काळ्या केसांचे झुपके होते, म्हणून भाभीनं त्याचं नाव सुभेदार ठेवलं होतं. ती त्याला 'अहो सुभेदार' म्हणायची म्हणून इसाकभाईही म्हणत, आणि ते म्हणत म्हणून सगळी ओळ म्हणायला लागली. आमच्याकडं नवऱ्याला अरे म्हणणाऱ्या बायकाही त्या बोक्याला अहो-जाहो करायच्या.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, साताऱ्याकडच्या. सोवळं-ओवळं फार नसलं तरी इसाकभाईंच्या घरचं पाणी त्या पीत नसत. ते इसाकभाईंना ठाऊक होतं. म्हणून आमच्याकडं चहा घेतला की ते उठून आपली कपबशी आपणच विसळायचे आणि वेगळी पालथी घालायचे. मला त्याची लाज वाटायची. पण मी आत्याबाईंना कधी काही बोलले नाही. एरवी जीभ कशी चालायची माझी, तिथं चालली नाही.

एका सकाळी इसाकभाई आमच्या मागच्या दाराशी आले. "वहिनी, जरा इकडं या. मला एकट्याला बघवत न्हाई." क्वार्टर्सच्या मागं चुलीतल्या राखेचा ढीग असायचा, सुभेदार तिथं जायचे. त्या ओल्या राखेला मुंग्यांची रांग लागली होती. गुळाच्या ढेपेला लागावी तशी दाट. मला काही कळेना. "बरेच दिवस बघतोय," ते म्हणाले, "बादलीभर पाणी पितो. खातो दाबून आणि वाळत चाललाय. जुलेखाचं पण असंच कळलं होतं. मोरीत मुंग्या झाल्या होत्या." मग राखेकडं बघतच म्हणाले, "तिच्या हाताखालचा हा एकच जीव माझ्याकडं राहिलाय. ह्याला न्हाई जाऊ द्यायचं."

त्यांनी बोक्याला बाजाराच्या पिशवीत घातलं, पिशवी सायकलच्या दांड्याला अडकवली आणि भोसरीच्या पुढं गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर एका बैलाचा खूर बघत होते. माणूस चांगला होता म्हणे, टाकून बोलला नाही, हसला नुसता. "कंपाउंडर, मांजराला कोण सुया टोचतं राव? दुसरं आणा." इसाकभाई परत आले ते उन्हानं लाल झाले होते. मला म्हणाले, "दुसरं आणा म्हणाला," आणि पिशवी सोडायला लागले.

त्यानंतर त्यांनी केलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडं जाऊन सुभेदारांना पोत्यात घालून तागडीत बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली. दुकानात हशा झाला. कुणी विचारलं, "काय भाव लावलाय भाई?" इसाकभाईंनी कागदावर जुलेखाभाभीचं वजन मांडलं, तिला किती औषध लागायचं ते मांडलं, बोक्याचं वजन मांडलं आणि पहिल्या दिवशी सुईत एकच रेघ भरली. आठ दिवसांनी दीड केली. दीडवर थांबले.

सिरिंज भाभीचीच होती, काचेची. रोज ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळायची. सुई बोथट झाली की वस्तरा लावायच्या दगडावर घासायची, मग नखावरून ओढून बघायची, खरखर लागली तर परत घासायची. औषधाची बाटली डबीत घालून ती डबी माठात सोडलेली. आणि सकाळी सातचा कंपनीचा भोंगा झाला की सुई, संध्याकाळी पुन्हा एक. पंधरा दिवसांत बोक्याला ते इतकं अंगवळणी पडलं की भोंगा झाला की तो आपण होऊन स्टुलावर चढून बसायचा. इसाकभाई मानेजवळची कातडी चिमटीत धरायचे, "चला सुभेदार, हाजरी," म्हणायचे, आणि त्याला कळायच्या आत सुई बाहेर. मी कितीदा तरी पाहिलं आहे. एवढी मोठी बोटं इतक्या हलक्या हातानं चालताना मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत.

लघवी तपासायची म्हणून राखेचा ढीग बंद झाला. पवनेतून आणलेले गोटे एका परातीत पसरले, बोका त्यावर जायचा आणि खाली साचलेलं इसाकभाई काचेच्या नळीत घ्यायचे. त्यात निळं औषध घालायचं आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. उकळल्यावर निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं की त्यांचा चेहरा बघवायचा नाही. आमच्या ओळीत सकाळी एकमेकींना "पाणी आलं का" विचारायच्या आधी "आज रंग कुठला" विचारायची पद्धत पडली. हिरवा म्हटलं की सगळ्यांना बरं वाटायचं. आत्याबाईही माळ ओढता ओढता विचारायच्या, "आज इटकरी न्हाई ना गं?"

सर्वांत मोठी मोहीम गोडाची. सुभेदारांना गोड खायची खोड भाभीनंच लावली होती, खिरीचं भांडं चाटायला द्यायची. दिवाळी आली तेव्हा इसाकभाई घरोघर गेले. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाले, "करंजी देऊ नका, बासुंदी देऊ नका, साखरेचा दाणा देऊ नका. साखर म्हणजे ह्याला जहर." मुलांकडून वदवून घेतलं. आमच्याकडं सत्यनारायण झाला तेव्हा बोका प्रसादाच्या ताटाशी घुटमळला. दारात आलेल्या कुत्र्यालाही प्रसादाशिवाय न सोडणाऱ्या आत्याबाईंनी ताट उचलून फडताळात ठेवलं. "तुला न्हाई रं बाबा. तुझ्या मालकानं न्हाई म्हटलंय." साखर म्हणजे सुभेदारांना जहर, हे आमच्या ओळीतल्या लहान पोरालाही पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

रमजानात दिवसभर पाणीही न घेता हे गृहस्थ चुलीसमोर बसून बोक्यासाठी काळीज शिजवायचे. मी एकदा म्हटलं, "भाई, तुम्ही उपाशी आणि बोका पंगतीला?" तर हसून म्हणाले, "त्याला रोजा माफ आहे. आजाऱ्याला माफच असतो." मग जरा थांबून, "जुलेखा ऐकायची न्हाई. लपून धरायची."

त्यांची पाळी कधी बदलायची, म्हणून त्यांनी मला सुई शिकवायचं ठरवलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पाव किलो वांगी आणली. चार दिवस मी वांग्यांना पाणी टोचत बसले, आणि ती वांगी वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचं भरीत केलं, त्यावरून आमच्या घरात पुष्कळ दिवस चेष्टा चालली. मग त्यांच्या देखत सुभेदारांना टोचलं. "चांगलं केलंत," ते म्हणाले. उकळायचं कसं, बुडबुडा काढायचा कसा, रेघ डोळ्यांसमोर धरून बघायची कशी, सगळं शिकवलं. आणि सगळ्यांत वरचा नियम, "आधी पोट, मग सुई. खाल्लं नसंल तर टोचायचं न्हाई." दोन-तीन महिन्यांत मी तयार झाले. त्यांना जे जे येत होतं ते सगळं त्यांनी मला दिलं आहे, असं मला वाटत होतं.

पुढं एका दुपारी चाकणहून आलेल्या ट्रकवाल्यानं निरोप आणला की इसाकभाईंचा थोरला भाऊ गेला. ते दवाखान्यातून तसेच आमच्याकडं आले. डोळे कोरडे होते. माठातली डबी, सिरिंज, मासे, सगळं मला दाखवलं, जसं काही मी ते कधी पाहिलंच नव्हतं. "संध्याकाळची आणि सकाळची. दीड रेघ. मी परवा येतो." मी म्हटलं, "भाई, तिसऱ्या दिवशी कबरीवर जायची ज्यारत असेल, ती करून या. मी आहे ना." ते ट्रकच्या मागं चढून बसले.

संध्याकाळ नीट गेली. सकाळी भोंगा झाला, सुभेदारांनी दोन मासे खाल्ले, मी दीड रेघ टोचली. थोड्या वेळानं ते मागच्या अंगणात गवत खाऊन आले आणि पिंपाच्या आडोशाला खाल्लेलं सगळं ओकले. मांजरं ओकतातच. मी तांब्याभर पाणी ओतलं आणि धुण्याला बसले.

अकराच्या सुमारास सुभेदार आमच्या स्वयंपाकघरात आले. मागचे पाय लटपटत होते. भिंतीला घासत चालले, चुलीपाशी बसले आणि डब्यांच्या फळीकडं बघून ओरडायला लागले. मी मासा पुढं केला, तो त्यांना धड हुंगताही येईना. मग थरथर सुरू झाली. मी घाबरले, पण मला तपासणी येत होती ना. भाईंच्या घरी धावले. परातीत सकाळचं नाही, ताजं होतं. नळीत घेतलं, दिव्यावर धरलं. निळंच राहिलं. इतकं स्वच्छ निळं मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मला हायसं वाटलं. म्हणजे साखर नाही. म्हणजे दुसरं काही तरी, काही तरी खाल्लं असेल, उतरेल. भाई आल्यावर त्यांना हा रंग सांगता येईल, एवढासुद्धा विचार माझ्या मनात येऊन गेला.

बारा वाजून गेले तेव्हा ते कुशीवर पडले होते आणि तोंडातून लाळ गळत होती. आत्याबाई आतून आल्या. त्यांच्या हातात वाटी होती, वाटीत गुळाचं पाणी, त्यावर तुळशीचं पान. आमच्या गावाकडं मरायला टेकलेल्याचं तोंड गोड करतात, माणूस असो की गोठ्यातली गाय. त्या खाली बसल्या आणि त्यांनी चमचा बोक्याच्या तोंडाशी नेला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आत्याबाई, गोड नको. भाईंनी सांगितलंय."

"अगं पोरी, जीव जातुया त्याचा. तोंड गोड करून जाऊ दे की."

"जात नाही जीव. रंग निळा आहे. गोड दिलं तर मात्र जाईल."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. जन्मात कधी त्यांनी माझं ऐकलं नव्हतं, तेव्हा ऐकलं. वाटी त्यांनी बाजूला ठेवली. तासाभरानं सुभेदार गेले.

आम्ही पुरलं नाही. टोपलीत कडुलिंबाचा पाला घालून त्यांना ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इसाकभाई आले. सख्ख्या भावाची ज्यारत टाकून आले होते, आणि कशासाठी ते मला ठाऊक होतं. हातात चाकणच्या बाजारातून आणलेली काळजाची पुडी होती. मी त्यांच्या दारात टोपली ठेवली तेव्हा त्यांनी ती पुडी कुठं ठेवावी हे न कळून खिशात घातली.

त्यांनी फडकं उचललं नाही. आत जाऊन खाटेवर बसले आणि कंपाउंडरसारखं एकेक विचारायला लागले. खाल्लं केव्हा. सुई केव्हा. रेघ किती. मग काय झालं. मी ओकल्याचं सांगितलं. थरथर सांगितली. आणि म्हटलं, "पण भाई, रंग अगदी निळा होता. मी तपासला." माझ्या आवाजात तेव्हाही थोडी फुशारकी होती, हे मला अजून आठवतं आणि अजून अंगावर काटा येतो.

त्यांनी डोळे मिटले. "निळा म्हणजे साखर संपली, वहिनी. वरून सुईनं ओढून घेतली आणि पोटातलं बाहेर पडलं. अंगात काही उरलंच न्हाई."

आत्याबाई माझ्या मागं उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, म्या गूळपानी आनलं व्हतं. हिनं हात धरला." त्यांना चहाडी करायची नव्हती. झालं ते सांगत होत्या.

इसाकभाईंनी डोळे उघडले. मग म्हणाले, "तेच औषध होतं, आत्याबाई."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तोवर मी नुसतं ऐकलं होतं. मी रडले नाही. माझा स्वभावच असा की लाज वाटली की मी भांडते. मी म्हटलं, "मग हे मला का नाही सांगितलंत? चमच्याची रेघ सांगता, नखावर सुई ओढायला सांगता, घरोघर जाऊन साखर जहर म्हणता. ही एवढी गोष्ट सांगायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "ती सांगितली असती तर तिच्या पुढची सांगावी लागली असती."

आणि मग त्यांनी ती सांगितली. त्यांचं दवाखान्याचं बोलणं त्या दिवशी कुठल्या कुठं गेलं. "जुलेखाला असं व्हायचं कधी कधी. सुई जास्त व्हायची न्हाईतर खाणं कमी. मग हातपाय कापायचे. म्हणून मी कोटाच्या खिशात साखरेची पुडी ठेवायचो. ती दाराला धरून म्हणायची, 'अहो, फिरतंय,' की मी पळत जाऊन तिच्या तोंडात साखर घालायचो. पण तिला गोडाची लई हाव. तिनं एक खोड धरली. काही झालेलं नसलं तरी दाराला धरायची, फिरतंय म्हणायची, साखर खायची आणि हसायची. मी चिडायचो. ती अजून हसायची. त्या शुक्रवारी मी नमाजला निघालो होतो, उशीर झाला होता. तिनं दार धरलं. फिरतंय म्हणाली. मी म्हटलं, आज नाटक नको. आणि आमी गेलो. पुडी खिशातच होती."

त्यांचा हात खिशावर गेला. "परत आलो तवा दारातच पडली होती," ते म्हणाले. "डॉक्टर हृदय म्हणाले. मी पण हृदयच सांगितलं सगळ्यांना."

मी भांडून मोकळी झाले होते आणि आता मला त्या माणसाकडं बघवेना. आत्याबाई उंबऱ्यावरून उठल्या, आत गेल्या, भाईंच्या माठावरचं भांडं उचललं आणि त्यातलं पाणी प्यायल्या. दुसरं भांडं भरून त्यांनी इसाकभाईंच्या हातात दिलं. "पी बाबा," म्हणाल्या. "सांगितलंस, बरं केलंस."

संध्याकाळी पवनेच्या काठी, गोटे वेचायचे तिथं जवळच, त्यांनी सुभेदारांना पुरलं. मी गेले नाही. माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर ते कामावर जात राहिले. औषधं तशीच नेमकी बांधायचे. पण कुणाच्या दारात मापाचं भांडं घेऊन उभे राहिले नाहीत, आणि सकाळी भोंगा झाला की दार लावून घ्यायचे, तो थांबेपर्यंत उघडायचे नाहीत. मी रोज काही तरी नेऊन द्यायचे, भाजी, भाकरी. ते घ्यायचे. मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत, आणि त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती. भावाची मुलं लहान होती, कांद्याचा धंदा बघायला कुणी नव्हतं. दोन-अडीच महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली आणि चाकणला जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी भावाचा ट्रक आला. सामान ते केवढं, एक ट्रंक, एक खाट, भांड्यांचं पोतं. ओळीतले सगळे निरोप घेऊन गेले. आत्याबाईंनी त्यांच्या हातावर दही घातलं. शेवटी मी एकटी उरले. ड्रायव्हर इंजिनात पाणी घालत होता. इसाकभाई माझ्याजवळ आले, चष्मा काढून कोटाला पुसला, परत लावला.

"वहिनी, एक विचारायचं राहिलं. तिच्या वेळी मी नव्हतो आणि ह्याच्या वेळी पण नव्हतो. शेवटी ओरडला का?"

सुभेदार तीनदा ओरडले होते. तसला आवाज मी मांजराचा कधी ऐकला नव्हता, पुढंही ऐकला नाही. चारही पाय जमिनीवर आपटत होते, आणि मी भिऊन दारापाशी उभी होते, जवळसुद्धा गेले नव्हते.

मी म्हटलं, "नाही भाई. माझ्या मांडीवर होते. झोपल्यासारखे गेले."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या औषधात त्यांचा जन्म गेला होता, त्यांना काय सांगायचं होतं मी.

"पाय मारतात, वहिनी. लई मारतात," ते हळूच म्हणाले. "पण तुमी असंच सांगत जा. कुणी विचारलं तर मांडीवर होता म्हणा. मी पण चाकणला घरी तसंच सांगतो."

ट्रक सुरू झाला. ते पुढं ड्रायव्हरशेजारी न बसता मागं खाटेच्या कडेला बसले, तोंड क्वार्टर्सकडं करून. भोसरीच्या रस्त्याला वळेपर्यंत ते दिसत होते.